क्षारयुक्त की चोपण? जिप्सम टाकण्याआधी हे बघा

शिरोळ-वाळवा भागात किंवा नीरेच्या कालव्याखाली ऊस विरळ पडू लागला की रानाला सरसकट ‘क्षारपड’ म्हणतात आणि जिप्समच्या गोण्या आणतात. त्यातलं बरंच जिप्सम वाया जातं, कारण क्षारपड जमिनी एकाच जातीच्या नसतात.

क्षारयुक्त जमिनीत विरघळणारे क्षार साठलेले असतात. अति पाण्याने भूजल वर येतं, उन्हात पाणी उडतं, क्षार मागे राहतात. वर पांढरा थर, पण खालची माती भुसभुशीत आणि पाणी मुरणारी. ओल असूनही पीक कोमेजतं, कारण खारट पाणी मुळांना ओढता येत नाही. इथे जिप्समचा उपयोग नाही. चर काढा, जमत असेल तर सच्छिद्र पाइपचा निचरा घाला आणि गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढा.

चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांनाच चिकटलेला असतो. ओलं झालं की कण विखुरतात, छिद्रं बुजतात. पावसानंतर गढूळ पाणी कितीतरी दिवस साचून राहतं, वाळलं की ढेकळं फुटत नाहीत, वाफसा सापडत नाही. इथे जिप्सम लागतं: त्यातला कॅल्शियम सोडियमला हुसकावतो आणि तो निचऱ्यावाटे जातो. चुनखडीच्या रानात गंधकही चालतं, पण सावकाश. सोबत धैंचा हे हिरवळीचं पीक गाडावं. जस्त आणि लोहाची कमतरता इथे हमखास दिसते, तीही भरून काढा.

घरी ओळखायचं तर पेल्यात पावसाचं पाणी घ्या, त्यात मातीचा सुका खडा अलगद सोडा आणि न हलवता ठेवा. खड्याभोवती दुधाळ धूर पसरला आणि पाणी गढूळच राहिलं, तर चोपणचा संशय घ्या. पाणी निवळ राहिलं म्हणून जमीन निर्धोक ठरत नाही, ती क्षारयुक्त असू शकते.

खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते. क्षारता 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर, सामू (पीएच) 8.5 च्या आत आणि विनिमययोग्य, म्हणजे कणांना चिकटलेला, सोडियम 15 टक्क्यांच्या आत असेल तर क्षारयुक्त. सामू 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम 15 टक्क्यांच्या वर असेल तर चोपण. भारी काळ्या जमिनीत 15 च्या आतही त्रास सुरू होतो. शिवाय क्षारतेचा 4 हा आकडा संपृक्त अर्काचा, म्हणजे पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याचा आहे. तुमच्या अहवालात माती-पाणी 1:2.5 ची मोजणी असेल तर आकडा कमी दिसतो, त्यावरून निश्चिंत होऊ नका.

सगळ्यात फसवी ती क्षारयुक्त-चोपण, जिच्यात क्षारही जास्त आणि चिकटलेला सोडियमही जास्त. तिला नुसत्या पाण्याने धुतलं तर क्षार जातात, सोडियम राहतो आणि रान पक्कं चोपण होतं. म्हणून तिथे आधी जिप्सम, तेही माती परीक्षणातून निघालेल्या मात्रेत आणि वरच्या थरात मिसळून. विदर्भात पूर्णा खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात विहिरीचं पाणीच खारं असतं, त्यामुळे तिथे धुण्याचं काम पावसावरच सोपवावं लागतं. जिप्सम पडायचं ते मृगाच्या आधी.