मेसचे खरकटे आणि पुसदचा हौद

वऱ्हाडातल्या घरांत खरकटे वाया जात नसे. उरलेली भाकर बैलाच्या तोंडी, भांड्यांचे धोवण म्हशीला, राख-केर उकिरड्यावर. आणि उन्हाळ्यात उकिरडा उपसून बंडीने वावरात. पुढे वसतिगृहे वाढली, शेकडो मुलांची जेवणे एका मेसमध्ये होऊ लागली. पण मेसमागे ना गोठा होता, ना वावर. या खरकट्याचे करायचे काय, हा विद्यापीठांपुढचा आजचा प्रश्न तिथून सुरू होतो.

त्याचे एक उत्तर विदर्भातच घडले. त्याचा आपल्याला अजून पुरेसा अभिमान नाही, ही खंत आहे. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात शेण आणि काडीकचऱ्याचे थर रचून, ते वरचेवर उलथून खत करण्याची पद्धत बसवली. गांधीजीही कंपोस्टचे आग्रही होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे ना. दे. पांढरीपांडे याच विचारातले. त्यांनी विटांचा हौद बांधला: १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतींत हवेसाठी भोके. त्यांच्या आद्याक्षरांवरून तो ‘नाडेप’. पालापाचोळा, शेणकाला आणि माती यांचे थर द्यायचे, वरून लिंपायचे. उलथायची गरज नाही, तीन-चार महिन्यांत खत तयार. शेण लागते जेमतेम १०० किलो. ढोरे नसलेल्या कॅम्पसला हेच सोयीचे.

शिजलेल्या अन्नाचे मात्र तसे नाही. ते तेलमिठाचे, ओले; नुसतेच हौदात टाकले की आंबते, घाण सुटते, उंदीर येतात. कुटार किंवा वाळला पाला भरपूर मिसळावाच लागतो. म्हणून मेसच्या उष्ट्यासाठी बायोगॅसचा विचार पुढे आला. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ हे बायोगॅस संयंत्र विकसित केले, पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने घरगुती संयंत्र. शेण म्हणजे एकदा पोटात पचून आलेला चारा, त्यातला बराच जोर आधीच गेलेला. भात-पोळीत तो शाबूत असतो, त्यामुळे गॅस लवकर मिळतो.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्या संस्थांना मोठे कचरा-उत्पादक ठरवले आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितले. खेड्याकडच्या कॅम्पसची अडचण वेगळी. पोळ्याला, दिवाळीला मुले गावी जातात, उन्हाळ्यात मेसच बंद. संयंत्रात अन्नाचा गॅस करणारे जिवाणू उपाशी राहतात, आणि त्यांना जगवायला शेजारच्या गोठ्यातले शेणच आणावे लागते.