शेवटच्या कडव्यातला ‘वामन’

आंबेडकरी शाहीर वामनदादा कर्डकांचं गाणं नेमकं त्यांचंच आहे का, हे ओळखायला शेवटच्या कडव्यापर्यंत थांबावं लागतं. धृपद ऐकून कळत नाही, कारण ते एव्हाना सगळ्यांचंच झालेलं असतं. चालीवरून तर मुळीच कळत नाही, ती अनेकदा दुसऱ्याच कुठल्या गाण्यातून आलेली असते. शेवटच्या कडव्यात मात्र कुठेतरी ‘वामन’ येतो. दादांनी आपल्या गाण्यावर ठेवलेली मालकीची खूण एवढीच.

ही खूण त्यांनी शोधलेली नाही. ‘तुका म्हणे’, ‘चोखा म्हणे’ ही तिचीच जुनी रूपं. पेशवाईतले शाहीर आणि पुढे पठ्ठे बापूराव लावणीच्या शेवटी आपलं नाव गुंफत. छापखाना नसलेल्या, निदान सगळ्यांना परवडत नसलेल्या काळात गाणं तोंडातोंडी फिरायचं, आणि त्याच्याबरोबर कवीचं नाव जायचं ते याच वाटेने. नाव काढून टाकणंही सोपं नसे. ‘वामन’ म्हणजे चार मात्रा. तिथे दुसरं नाव बसवायचं तर तेवढ्याच मात्रांचं हवं, आणि कडव्याचं यमक त्या ओळीत अडकलेलं असलं तर सगळी ओळच नव्याने बांधावी लागते. हे काम ज्याला जमेल तो सहसा स्वतःचंच गाणं लिहील.

दादांच्या आधी दोन पिढ्यांनी ही वाट तुडवून ठेवली होती. जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज स्थापला. त्याचे विचार खेड्यापाड्यांत नेले ते सत्यशोधकी जलशांनी. साचा तमाशाचा, गण-गवळण-वग असाच, पण आत भरलेला माल वेगळा: भटजीशी वाद, सावकाराची चोपडी, मुलांना शाळेत घालण्याचा आग्रह. आंबेडकरी जलसे याच्याच पुढची पायरी. नाशिक जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांचा जलसा त्यांत सर्वांत गाजलेला (आडनाव तेच, पण शाहीर वेगळे, ही गफलत नेहमी होते). आपली दहा भाषणं आणि यांचा एक जलसा सारखाच, असं बाबासाहेब म्हणाल्याचं सांगतात. 2 मार्च 1930 रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षं रेटला गेला, आणि त्या जिल्ह्याचं सगळं वातावरणच या गाण्यांनी भारलं.

त्याच जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी, 15 ऑगस्ट 1922 रोजी वामनदादांचा जन्म झाला. शाळा नाही. पोटासाठी मुंबई गाठली, गिरणीपासून मिळेल त्या मजुरीपर्यंत सगळं केलं. चाळीत एकाने पत्र वाचून दाखवायला सांगितलं आणि आपल्याला वाचता येत नाही याची लाज वाटून रडू फुटलं, ही हकीकत त्यांच्या आयुष्यातली सर्वांत जास्त सांगितली गेलेली. त्यानंतर एका मास्तरांकडून मुळाक्षरं गिरवून घेतली आणि जोडाक्षरं शिकले ती दुकानांच्या पाट्या वाचून. मला यातली पाट्यांची गोष्ट महत्त्वाची वाटते. अक्षरं रस्त्यावर शिकलेल्या माणसाची भाषा शेवटपर्यंत रस्त्यावरच राहिली. त्यांच्या कवितेत शब्दकोश उघडावा लागेल असा शब्द क्वचितच सापडतो.

बाबासाहेबांच्या समता सैनिक दलात ते ओढले गेले, आणि पहिलं गाणं झालं 3 मे 1943 रोजी. तेही हिंदी सिनेगीताच्या चालीवरचं विडंबन. पुढे साठ वर्षं गाणं सुटलं नाही.

चाल उसनी घेण्यावरून पांढरपेशा रसिकांनी बरीच नाकं मुरडली. पण ही अडचणीतून निघालेली सोय होती आणि ती भलतीच हुशारीची होती. नवी चाल लोकांना शिकवायला तालीम लागते, पेटीवाला लागतो, वेळ लागतो. रेडिओवर, सिनेमात ऐकलेली चाल प्रत्येकाच्या डोक्यात आयतीच असते. शब्द कानावर पडले की दुसऱ्या फेरीला समोरचा जमाव झील धरतो. ढोलकी आणि पेटी असली तर उत्तम, नसली तर टाळ्यांवर भागतं. नंतर कव्वालीचा जोर वाढला, दोन पार्ट्यांचे सामने रात्रभर रंगू लागले, तेव्हा सवाल आला की जवाब जागच्या जागी रचणाऱ्याची किंमत कळली. बसल्या बैठकीत गाणं रचणारा शाहीर ही दादांची ख्याती.

हे गाणं जगवायला थिएटर नव्हतं, कंपनी नव्हती. होतं ते कॅलेंडर. 14 एप्रिलची जयंती, बुद्धपौर्णिमा, दसऱ्याला नागपूरची दीक्षाभूमी, 6 डिसेंबरला दादरची चैत्यभूमी, 1 जानेवारीला भीमा कोरेगाव. 14 ऑक्टोबर 1956च्या धर्मांतराने जुने सणवार मागे पडले, जत्रा सुटल्या, देवीचे गोंधळ बंद झाले. घरात लग्न आणि बारसं मात्र होणारच, आणि तिथे गायचं काय? ही पोकळी शाहिरांनी भरली. हळदीला भीमगीतं, पाळण्यावर बुद्धगीतं. धर्मांतरानंतर दोन महिन्यांच्या आत बाबासाहेब गेले, तेव्हा नव्या धम्माची बाराखडी घरोघर पोचवायचं बरंचसं काम पुस्तकांऐवजी या गाण्यांवर पडलं. गावचं मंडळ यायला-जायला भाडं देई, जेवण देई, जमेल तेवढी बिदागी हातावर ठेवी. मुक्काम कुणाच्या तरी घरी. रात्री कार्यक्रम, सकाळी गावातली हौशी पोरं वही घेऊन हजर, आणि दादा गाणं सांगतील ते उतरवून घेणार. उतरवलेलं गाणं पुढच्या जयंतीला ते पोरच गाणार. मानधन मागून गाणं अडवलं असतं तर ते इतकं फिरलंच नसतं.

सिनेमाचं दारही त्यांच्यासाठी उघडलं होतं. 1959च्या ‘सांगत्ये ऐका’मध्ये त्यांचं गाणं आहे, त्यानंतरही एखाददुसरं झालं. तिथे स्थिरावले असते तर नाव आणि पैसा दोन्ही वेगळे झाले असते. पण चित्रपटाचं गीत प्रसंगाबरहुकूम लिहायचं असतं, आणि दादांना सांगायचं होतं ते कुठल्याच निर्मात्याच्या प्रसंगात बसणारं नव्हतं. बिर्ला, बाटा, टाटांची नावं घेऊन ‘आमचा वाटा कुठं’ विचारणारं त्यांचं गाणं आजही मोर्च्यात गायलं जातं. 1964 साली आंबेडकरी नेते दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला आणि हजारोंनी तुरुंग भरले. तो काळ आठवला की या प्रश्नाचं वजन कळतं.

ते एका पक्षाचे भाट झाले नाहीत, हेही त्यांच्या स्वतंत्रपणातच धरायला हवं. रिपब्लिकन पक्ष 3 ऑक्टोबर 1957 रोजी स्थापन झाला आणि थोड्याच काळात त्याची शकलं पडली. बाबासाहेबांच्या मताचे निदान पाच लोक असते तर, असं विचारणारं दादांचं गीत बाहेरच्यांवर नाही, आपल्याच मंचावरच्या पुढाऱ्यांवर आहे. ज्या व्यासपीठावर पुढारी बसलेत तिथेच ते गायचं, आणि पुढाऱ्यांनी माना डोलवायच्या, हा प्रकार जयंतीच्या मंडपात कितीदा घडला असेल देव जाणे (देव हा शब्द दादांना आवडला नसता).

मग कॅसेट आली. ऐंशीच्या दशकात कॅसेट आणि टेपरेकॉर्डर स्वस्त झाले, आणि चैत्यभूमीच्या, दीक्षाभूमीच्या वाटेवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे ढीग लागले. दादांच्या गाण्यांना असे आवाज मिळाले जे त्यांच्या पायांना कधीच पोचता आले नसते अशा घरांत गेले. पण इथेच जुना व्यवहार मोडला. वहीत उतरवलेल्या गाण्यातून कुणी धनवान होत नव्हतं, कॅसेटमधून होऊ शकत होतं. वहीवर ज्याची मालकी नव्हती त्या गाण्याची कॅसेटवर मात्र मालकी तयार झाली, ती ध्वनिमुद्रण करणाऱ्याची. वेष्टनावर गायकाचा फोटो, संगीतकाराचं नाव, आणि कवी? तो शेवटच्या कडव्यात. तेही ते कडवं वेळेअभावी कापलं नसेल तर.

कायदा नव्हता असं नाही. कॉपीराइट कायदा 1957चा, जानेवारी 1958पासून अमलात. नोंदणी केली नाही तरी लिहिणाऱ्याचा हक्क उभा राहतो. पण हक्क उभा राहणं वेगळं आणि त्यासाठी कोर्टाची पायरी चढणं वेगळं. शिवाय दावा करायचा तो कुणावर? ज्याने कालपरवापर्यंत दादा म्हणून पाया पडून वही भरून नेली, त्याच्यावर? गीतकाराचा रॉयल्टीचा वाटा करारात काढून घेता येणार नाही, ही दुरुस्ती 2012 सालची. तोवर दादांना जाऊन आठ वर्षं झाली होती.

पुस्तकं उशिरा आली. पहिला संग्रह ‘वाटचाल’ 1973चा, म्हणजे पहिल्या गाण्यानंतर तीस वर्षांनी. त्यानंतर ‘मोहळ’, आणि मग ‘हे गीत वामनचे’, ज्याच्या नावातच ती जुनी खूण शेवटच्या कडव्यातून उठून मुखपृष्ठावर आली. 1993 साली वर्ध्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे गेलं. विद्यापीठांनी नंतर प्रबंध लिहवून घेतले. पाट्या वाचून जोडाक्षरं शिकलेल्या माणसावर.

15 मे 2004 रोजी ते गेले. कायद्याच्या हिशेबाने त्यांच्या गीतांवरचा हक्क 2064 अखेरपर्यंत चालू आहे. जयंतीच्या मंडपात मात्र हा हिशेब कुणी करत नाही. गाणारा पोरगा वही न बघता सगळी कडवी म्हणतो, आणि शेवटच्या कडव्यात नाव आलं की ढोलकीवाला एक जादा थाप देतो.