‘आवाज वाढवून द्या’: हेडफोनच्या घरगुती दुरुस्तीची पार्श्वभूमी

विदर्भातल्या खेड्यांत हेडफोन उघडले गेले ते आधी दुरुस्तीसाठी. अधिक चांगले ऐकू यावे म्हणून त्यात बदल करण्याची आवड फार नंतर आली आणि तीही दुरुस्तीच्या टेबलावरूनच, त्यामुळे या दोन गोष्टी इथे कधी पुरत्या वेगळ्या झाल्या नाहीत. मुळात या वस्तूचा जन्मच घरगुती आहे: १९१० मध्ये अमेरिकेच्या नौदलाने ज्या हेडफोनची मागणी नोंदवली, ते एका माणसाने आपल्या स्वयंपाकघरात हाताने बांधले होते.

आपल्याकडे कानाशी लावायचे यंत्र ट्रान्झिस्टरसोबत आले. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये आणि विविध भारती १९५७ मध्ये सुरू झाली. पुढे ट्रान्झिस्टर खेड्यापाड्यांत पोचला तेव्हा त्याच्या बाजूच्या छिद्रात बसणारी एका कानाची गोळीही दिसू लागली. एका कानाने ऐकण्याची ही सवय जागलीने पक्की केली. हरभरा किंवा तूर राखायला रात्री मचाणावर बसणारा माणूस दुसरा कान मोकळा ठेवतो, कारण रानडुकरांचा कळप किंवा रोही शिवारात उतरल्याची चाहूल त्याच कानाने घ्यायची असते. मोबाइलसोबत दोन कानांचे इअरफोन आले तरी जागलीवर त्यातला एकच वापरात राहिला. मात्र स्टिरिओ ध्वनिमुद्रणात वाद्ये दोन बाजूंना वाटलेली असतात, त्यामुळे एका कानात अर्धेच गाणे येऊ लागले. दोन्ही वाहिन्या एका कानात आणण्याची खटपट तिथून सुरू झाली आणि माझ्या मते या भागात हेडफोनमध्ये केलेला पहिला खरा बदल तोच. त्या दोन तारा थेट एकमेकींना जोडल्या तर फोनच्या ध्वनिवर्धकावर ताण येतो; प्रत्येक तारेत एकेक रेझिस्टर, म्हणजे विजेचा प्रवाह अडवणारा छोटा भाग, घालून मगच त्या जोडाव्या लागतात, हे पुष्कळांना एखादा फोन बिघडल्यावर कळले.

स्वस्त मोबाइल आणि भरून घेतलेली मेमरी कार्डे यांच्या काळात तालुक्याच्या गावी दुरुस्तीचे टेबल खऱ्या अर्थाने भरले. खिशात वाकून वाकून जॅकशी तार तुटणे हे नेहमीचे दुखणे होते. आतल्या तारा केसाइतक्या बारीक, नायलॉनच्या धाग्यासोबत पिळलेल्या आणि रंगीत लाखेचा थर दिलेल्या असतात. तो थर जळल्याशिवाय कथिल धरत नाही. सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर कथिलाचा थेंब आणि किंचित राळ घेऊन त्यात तारेचे टोक बुडवले की आधी धूर निघतो, रंग काळवंडतो आणि मग टोक एकाएकी चांदीसारखे चकाकते. दोन्ही कानांची सामाईक तार सुटली असेल तर त्याची खूण वेगळी असते: गायकाचा गळा नाहीसा होतो आणि मागची वाद्ये तेवढी पोकळ ऐकू येतात. कारण अशा वेळी कानांपर्यंत दोन वाहिन्यांमधला फरकच पोचतो आणि दोन्हींकडे सारखा असलेला गळा त्यात वजा होतो. चार भागांच्या जॅकमध्ये माइकची आणि सामाईक तारेची जागा ठरवण्याच्या दोन पद्धती होत्या आणि एका पद्धतीचा इअरफोन दुसऱ्या पद्धतीच्या फोनला लावला की नेमकी हीच खूण दिसे. त्या घोळात कितीतरी धडधाकट इअरफोन कापले गेले.

पण या साऱ्या इतिहासात सर्वात जास्त गोंधळ घातला तो ‘आवाज’ या एका शब्दाने. माणसाचा गळा म्हणजे आवाज, ध्वनी किती मोठा आहे तोही आवाज आणि ध्वनी कसा आहे तोही आवाजच. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात एखाद्या नटाला ‘आवाज आहे’ असे म्हणतात तेव्हा तो मंडपातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचतो, एवढाच त्याचा अर्थ असतो. ज्या मुलखात रात्रभर चालणाऱ्या नाटकांवर कान तयार झाले, तिथे पोचणे हा आवाजाचा पहिला गुण ठरावा हे स्वाभाविक आहे. पोत, गोडवा, भरीवपणा हे शब्द गाण्याच्या शिकवणीत राहिले, दुरुस्तीच्या टेबलावर ते आले नाहीत. गिऱ्हाईक म्हणे, ‘भाऊ, याचा आवाज वाढवून द्या,’ आणि कारागीर ३२ ओहमचा स्पीकर काढून १६ ओहमचा, म्हणजे विजेला कमी अडवणारा, बसवी. त्याच व्होल्टला तो बहुधा जास्त वीज खेचतो आणि मोठा वाजतो, म्हणून गिऱ्हाईक खूश होई. त्यामागे शास्त्रही होते: मंद ध्वनीत खालचे स्वर कानाला कमी ऐकू येतात आणि ध्वनी मोठा केला की ते भरून येतात, हे १९३३ मध्येच प्रयोगाने दाखवले गेले आहे. त्यामुळे मोठे ते चांगले ही समजूत गिऱ्हाइकाचा अडाणीपणा नव्हती, कानाचा तो स्वभावच आहे. कारागिरांची बाजूही ऐकण्यासारखी आहे, कारण ट्रॅक्टरच्या किंवा इंजिनाच्या घरघरीत पोत ऐकायला सवड कुणाला असते? तरीही या एका शब्दापायी सुधारणेचा मार्ग वर्षानुवर्षे चुकला, असे मला ठामपणे वाटते. एकाच कानाचा स्पीकर बदलल्याने एक बाजू कायमची चढी राहिली, तारा उलट जोडल्याने गळा मध्यभागी न राहता विस्कटला आणि तरीही ‘आवाज वाढला’ म्हणून काम झाले असे मानले गेले.

खरी सुधारणा हवेच्या वाटा राखण्यात आहे आणि तिला खर्च जवळजवळ लागत नाही. कानावर वाटीसारख्या बसणाऱ्या हेडफोनच्या गादीचे रेक्झिन घामाने आणि दमट हवेने सोलले की गादी कानाशी घट्ट बसत नाही, हवा निसटते आणि खालचे स्वर जातात. पारख सोपी आहे: गाणे चालू ठेवून दोन्ही वाट्या तळहातांनी कानावर हलक्या दाबाव्यात, ढोलक परत आला तर दोष गादीचा आहे, स्पीकरला हात लावू नये. शिंप्याकडून सुती कापडाची गादी शिवून घेणाऱ्यांना ती गार वाटली, पण कापडातून हवा जाते म्हणून आवाज पातळच राहिला. बंद वाटीतला घुमारा कमी करायला आत मऊ भरण लागते. ती युक्ती बाहेरून आली असली तरी तिला लागणारी वस्तू वऱ्हाडात घरचीच होती: सरकी काढून पिंजलेला कापूस. त्याचा विरळ थर वाटीच्या तळाशी बसवावा, स्पीकरच्या पाठीवरची छिद्रे बुजू देऊ नयेत. ठासून भरला तर गाणे गोधडीखालून आल्यासारखे होते.

२०१६ मध्ये एका बड्या परदेशी कंपनीने फोनवरचे जॅकचे छिद्रच काढून टाकले आणि हळूहळू इतरांनीही तेच केले. बिनतारी कानगोळ्या आल्या. त्यांची वाटी गोंदाने बंद असते, आत इवलीशी बॅटरी असते आणि ती दमली की अख्खी गोळी फेकली जाते. कापूस घालायला जागा नाही आणि डाग द्यायला तारही नाही. २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काची चौकट आखायला घेतली तेव्हा शेतीची अवजारे, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे धरली. हेडफोनचे नाव त्यात वेगळे आले नाही. सुटा स्पीकर किंवा जॅक लागला तर तो आजही जुन्या, मेलेल्या इअरफोनमधूनच काढला जातो, आणि त्यासाठी कारागिराच्या टेबलाखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा भरून ठेवलेला असतो.