गार्डेनियाचा ‘गार्डन’ म्हणजे बाग नव्हे

इंदूरच्या रोपवाटिकांत गंधराज म्हणून मिळतो तो आपला अनंत, म्हणजेच गार्डेनिया. ‘बागेत शोभतो म्हणून गार्डेनिया’ हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं, पण ते चूक आहे. अलेक्झांडर गार्डन हे अमेरिकेतल्या चार्ल्सटनला राहणारे स्कॉटिश डॉक्टर, वनस्पतींचे जाणकार. इंग्रज निसर्गअभ्यासक जॉन एलिस यांच्या आग्रहावरून, वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसनं १७६०च्या सुमारास गार्डन यांचं नाव या प्रजातीला दिलं. ‘केप जास्मिन’ हे त्याचं इंग्रजी नावही तसंच फसवं. ते ना दक्षिण आफ्रिकेतल्या केपचं, ना जास्मिन म्हणजे जाईच्या कुळातलं: झाड मूळचं चीनकडचं, कुळ कॉफीचं.

माळव्याच्या काळ्या, चुनखडीच्या मातीत त्याला लोह शोषता येत नाही. शिरा हिरव्या राहून पानं पिवळी पडतात. म्हणून कुंडीत लाल माती, पानांचं खत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समभाग घ्या. बोअरचं जड (क्षारांचं) पाणी टाळा, पावसाचं उत्तम.