सायबिणीला 'देव' मानतात का?

'गोव्यातले ख्रिश्चन देवाला सोडून मारियेची न संतांची पूजा करतात' हा फॉरवर्ड दर फेस्ताला (चर्चच्या सणाला) येतोच. मारिया म्हणजे येशूची आई, तिलाच गोव्यात सायबीण म्हणतात. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीसमोर मेणबत्त्यांची रांग बघितली की तसं वाटणं साहजिक आहे म्हणा. पण शब्द ऐका ना. मे महिन्यात वाड्यावरच्या खुर्साकडे (क्रुसाकडे) लादीन म्हणजे सामूहिक प्रार्थना असते (नंतर उकडलेले चणे मिळतात, तेवढं थांबा!), त्यात देवाकडे दया मागतात, मारियेला न संतांना मात्र फक्त 'आमच्यासाठी विनंती कर' एवढंच. रोझरीतली (जपमाळेतली) 'नमान मारिये' ही प्रार्थना पण विनंतीवरच संपते, म्हणजे आईला सांगून बापाकडे शब्द टाकल्यासारखं. मिसाच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) मुख्य प्रार्थना देवबापालाच, येशूच्या नावाने. हे झालं कॅथलिकांचं; बहुतेक प्रोटेस्टंट ख्रिश्चन तर संतांना विनंतीसुद्धा करत नाहीत, थेट देवालाच.