बंद पडलेला सबवूफर: दुरुस्ती की नवी खरेदी?

ॲम्प्लिफायर पोटातच असलेला सबवूफर, म्हणजे खर्जाचा आवाज देणारा स्पीकर, एके दिवशी मुका झाला आणि त्याचा दिवाही लागेना, की तो सगळाच गेला असे घरात धरले जाते. वस्तुतः त्या पेटीत अगदी वेगवेगळ्या आयुष्याच्या दोन गोष्टी एकत्र बसवलेल्या असतात. वूफर (हलून आवाज काढणारा पडदा आणि त्यामागची तारेची कॉइल), त्याचे जड चुंबक आणि एमडीएफची (लाकडी तंतू दाबून केलेल्या फळीची) पेटी या एका बाजूला. मागच्या पत्र्यावर बसवलेला वीजपुरवठ्याचा आणि ॲम्प्लिफायरचा बोर्ड दुसऱ्या बाजूला. बहुतेक वेळा आधी जातो तो बोर्ड. म्हणून दुरुस्तीचा निर्णय पेटीच्या वयावरून न घेता नेमके काय गेले आणि बोर्डाची अवस्था काय आहे, हे पाहून घ्यावा. कोकण किनाऱ्यावर यातल्या दुसऱ्या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे.

वूफर शाबूत आहे का, हे तपासणे सोपे आहे. त्याच्या तारा बोर्डापासून सोडवून मल्टिमीटर लावला, तर चार ओहमची कॉइल साधारण सव्वातीन ते पावणेचार ओहम दाखवते आणि आठ ओहमची साडेपाच ते सात. दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवला, की पडदा ‘थप्’ असा आवाज करून हलायला हवा. पडदा चारी बाजूंनी समान दाबून पाहावा; आत घासल्याचा आवाज आला, तर कॉइल जळून फुगलेली किंवा जागेवरून सरकलेली असते. ही तपासणी वगळू नये. ॲम्प्लिफायरचा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर थेट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, वीज कॉइलमध्ये शिरते, आणि बोर्ड जाता जाता वूफरलाही घेऊन जातो.

बोर्डाकडे मात्र घरी हात लावू नये. २३० व्होल्टच्या विजेचे डीसीत रूपांतर झाल्यावर मुख्य कॅपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तसेच राहू शकतात. फ्यूज उडाला म्हणून जास्त अँपिअरचा फ्यूज घालणे किंवा तार गुंडाळणे, हा तर आग लागण्याचा मार्ग आहे. जाणता कारागीर दुरुस्तीनंतर आधी फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये जोडून वीज देतो. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. तो पूर्ण प्रकाशाने जळतच राहिला, तर शॉर्ट अजून आत आहे.

पुष्कळदा दोष एखाद्या इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरचा निघतो. १०५ अंश सेल्सिअसला २००० तास असे मानांकन असलेल्या कॅपॅसिटरचे आयुष्य तापमान दर दहा अंशांनी उतरले की ढोबळमानाने दुप्पट होते. म्हणजे ६५ अंशांना ते ३२,००० तास भरते. हा आकडा मोठा वाटला, तरी सबवूफर रात्रंदिवस स्टँडबायवर असेल तर तो साडेतीन वर्षांच्या आसपास संपतो. माथा फुगलेला असा कॅपॅसिटर बदलणे हे स्वस्त काम आहे, आणि एवढ्यासाठी सबवूफर टाकून देणे मला अजिबात पटत नाही.

खारी हवा लागलेल्या बोर्डाची गोष्ट वेगळी. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण घरात येतात, आणि पेटीला पोर्ट, म्हणजे हवा ये-जा करण्याचे भोक, असेल तर त्यातून ते थेट बोर्डापर्यंत पोहोचतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मिठाला पाणी सुटते. आषाढात स्वयंपाकघरातल्या उघड्या बरणीत आपण हेच पाहतो. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलावा धरू लागते, त्यामुळे पाऊस गेल्यावरही बोर्डावरचा थर पुरता कोरडा होत नाही. या ओल्या, वीजवाहक थरावर दोन पट्ट्यांमध्ये सतत व्होल्टेज असेल, तर धातूचे आयन एकीकडून दुसरीकडे सरकतात आणि केसासारखे धागे वाढवून शॉर्ट करतात. अशा बोर्डावर भिंग धरले, तर तांब्याच्या पट्टीच्या कडेला हिरवट-निळी पूड दिसते, सोल्डरचे ठिपके काळवंडलेले असतात आणि एखाद्या रेझिस्टरचा पाय टाचणीने हलकेच ढकलताच तुटून येतो. पूड एका कोपऱ्यापुरती असेल, तर दुरुस्ती करून घ्यावी. ती ग्रीन मास्कच्या (बोर्डावरच्या हिरव्या संरक्षक लेपाच्या) खाली शिरून सर्वत्र पसरली असेल, तर आज एक भाग बदलल्यावर पुढच्या पावसाळ्यात दुसरा जाईल; त्या बोर्डावर पैसे घालू नयेत.

बोर्ड गेला तरी वूफर आणि पेटी जपावीत. तोच बोर्ड सुटा मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास कॉइलच्या ओहमशी जुळणारा, लो-पास फिल्टर (फक्त खर्जाचा आवाज पुढे सोडणारी सोय) असलेला बाहेरचा ॲम्प्लिफायर जोडता येतो. मात्र मागचे रिकामे भोक हवा अजिबात जाणार नाही असे बंद करावे लागते. उलट वूफरच जळला असेल, तर त्याच मापाचा कुठलाही वूफर बसवून भागत नाही. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी दाखवून दिले, की वूफरचे गुणधर्म आणि पेटीतल्या हवेचे आकारमान यांचा मेळ बसला तरच खर्ज नीट उमटतो. कॉइल ठीक आहे आणि केवळ कडेचा फोम बोट लावताच चुरा होतो, अशा वेळी वूफर न बदलता कडाच बदलून घ्यावी. दमट हवेत काही प्रकारचे पॉलियुरेथेन पाण्याच्या रेणूंमुळे विघटित होते, त्याचाच हा परिणाम असतो.

दुरुस्तीला देताना कारागिराला बोर्ड धुऊन घ्यायला आवर्जून सांगावे. मीठ अल्कोहोलमध्ये फारसे विरघळत नाही, म्हणून आधी डिस्टिल्ड पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पूर्ण वाळल्यावर संरक्षक लाखेचा फवारा, हा क्रम योग्य. घरी आणल्यावर सबवूफर समुद्राकडच्या खिडकीपासून आणि ओल धरणाऱ्या चिऱ्याच्या भिंतीपासून दूर ठेवावा, आणि विजा चमकू लागल्या की प्लग काढावा. नवीनच घ्यायचा ठरला, तर कडा रबराची आहे का आणि मागचा बोर्ड सुटा मिळतो का, हे दोन प्रश्न दुकानात वॅटच्या आकड्याआधी विचारावेत.