लक्ष्यित प्रथिन विघटन

रोगाला कारणीभूत ठरणारे एखादे ठरावीक प्रथिन पेशीच्या स्वतःच्याच विघटन यंत्रणेकडून नष्ट करवून घेण्याची जीवरासायनिक पद्धत. बहुतेक औषधे प्रथिनाच्या क्रियास्थळात, म्हणजे त्याचे काम जिथे चालते त्या खाचेत, जाऊन बसतात आणि त्याचे काम अडवून धरतात. औषध सुटले की काम पुन्हा सुरू होते. या पद्धतीत प्रथिनाला अडवायचे नसते, पेशीतून काढूनच टाकायचे असते. त्यासाठी वापरला जाणारा रेणू स्वतः काहीही तोडत नाही. नको असलेले प्रथिन आणि त्याच्यावर नाशाची खूण लावणारे विकर (एंझाइम) यांना तो काही काळ एकमेकांजवळ आणतो, एवढेच. पुढचे काम पेशी करते. कर्करोग, रक्तविकार आणि दाहजन्य रोग यांवरील संशोधनात २०१५ नंतर या पद्धतीला मोठे महत्त्व आले आहे.

पेशीतील मूळ यंत्रणा

पेशीतील प्रथिने कायमची नसतात. काही मिनिटांत संपतात, काही अनेक दिवस टिकतात. आणि त्यांचे संपणे त्यांच्या घडण्याइतकेच काटेकोरपणे नियंत्रित असते. पेशीविभाजनाचा टप्पा पुढे सरकायचा असेल, तर सायक्लिन प्रथिने ठरलेल्या वेळी नाहीशी व्हावीच लागतात.

कोणते प्रथिन मोडायचे हे युबिक्विटिन या छोट्या प्रथिनावरून ठरते. त्यात अवघी ७६ अमिनो आम्ले असतात आणि यीस्ट व माणूस यांच्या युबिक्विटिनमध्ये त्यांपैकी फक्त तीन वेगळी आहेत. उत्क्रांतीने इतके जपून ठेवलेले प्रथिन क्वचितच सापडते. ते लक्ष्यावर चिकटवण्याचे काम तीन विकरांची साखळी करते. ई१ हे विकर एटीपी या पेशीतील इंधन-रेणूची ऊर्जा वापरून युबिक्विटिन सक्रिय करते, ई२ ते पुढे वाहून नेते आणि ई३ लक्ष्य प्रथिन ओळखून त्यातील लायसिन या अमिनो आम्लावर ते जोडायला लावते. माणसात ई१ दोनच आहेत, ई२ सुमारे ४०, तर ई३ सहाशेहून अधिक. निवड कुठे होते हे या आकड्यांवरूनच दिसते. एका युबिक्विटिनला दुसरे, दुसऱ्याला तिसरे जोडले जाते आणि साधारण चारांची साखळी तयार झाली की प्रोटिआसोम ती ओळखतो.

प्रोटिआसोम हे पिंपाच्या आकाराचे प्रचंड संकुल आहे. सात-सात घटकांची चार कडी एकावर एक रचलेली असतात आणि प्रथिन कापणारी स्थळे आतल्या पोकळीत असतात. तोंड इतके अरुंद, की घडी घातलेले प्रथिन आत शिरूच शकत नाही. टोकाशी असलेली टोपी युबिक्विटिनची साखळी पकडते, ती सोडवून पुन्हा वापरासाठी परत देते, प्रथिनाची घडी एटीपी खर्चून उलगडते आणि धागा आत ढकलते. बाहेर पडतात ते छोटे पेप्टाइड तुकडे.

शोधाचा मागोवा

खरे तर प्रथिने तोडणे ही ऊर्जा देणारी क्रिया. मग पेशी त्यासाठी एटीपी का खर्च करते? हा प्रश्न १९५०च्या दशकापासून पडून होता. लयकायिका (लायसोसोम), म्हणजे पेशीतील पचनाच्या पिशव्या, सापडल्यावर सगळे विघटन तिथेच होत असावे असा समज पक्का झाला. पण लयकायिका नसलेल्या अपक्व तांबड्या पेशींच्या अर्कातही एटीपीवर चालणारे विघटन होते, हे १९७७मध्ये दिसले.

हैफा येथील टेक्निऑन संस्थेत अव्हराम हर्श्को आणि त्यांचे विद्यार्थी आरॉन चीखानोव्हर यांनी सशाच्या अशाच पेशींचा अर्क स्तंभातून गाळून दोन भागांत वेगळा केला. एकटा कोणताही भाग काम करेना. दोन्ही मिसळले की विघटन सुरू होई. पहिल्या भागात हिमोग्लोबिन ठासून भरलेले होते, त्यातून हवा तो घटक वेगळा काढणे अवघड होते. त्यांनी तो भाग सरळ तापवला. हिमोग्लोबिन साकळून तळाशी गेले आणि वरच्या नितळ द्रवात क्रियाशीलता तशीच शाबूत राहिली. उष्णता सोसणारे ते छोटे प्रथिन म्हणजेच युबिक्विटिन, हे १९८०मध्ये स्पष्ट झाले. ते लक्ष्यावर सहसंयुज बंधाने जोडले जाते हे फिलाडेल्फियातील अर्विन रोझ यांच्या सहकार्याने केलेल्या प्रयोगांतून त्याच वर्षी सिद्ध झाले. तिघांना २००४चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वैद्यकात या यंत्रणेचा पहिला उपयोग उलट्या दिशेने झाला. बोर्टेझोमिब हे बोरॉनयुक्त औषध प्रोटिआसोमच बंद पाडते. मल्टिपल मायलोमा या कर्करोगातील पेशी प्रतिपिंडे ढिगांनी बनवतात, त्यामुळे निचरा तुंबला की त्या इतर पेशींच्या आधी मरतात. अमेरिकेत या औषधाला २००३मध्ये मान्यता मिळाली.

थॅलिडोमाइड

या विषयाचा सर्वांत विलक्षण धागा मात्र त्याहून कितीतरी जुना आहे. पश्चिम जर्मनीत १९५७मध्ये थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध म्हणून बाजारात आले आणि गरोदरपणातील मळमळीवरही दिले जाऊ लागले. हातापायांची वाढ न झालेली दहा हजारांहून अधिक बालके जगभरात जन्मली. १९६१च्या अखेरीस औषध मागे घेतले गेले. अमेरिकेत ते तेव्हा विक्रीला आले नाही, कारण औषध प्रशासनातील फ्रान्सिस केल्सी यांनी पुरावा अपुरा असल्याचे सांगून मान्यता रोखून धरली होती.

इतक्या बदनाम औषधाची गोष्ट तिथेच संपायला हवी होती. पण जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन यांनी कुष्ठरोगातील तीव्र दाहाने तळमळणाऱ्या रुग्णाला झोप लागावी म्हणून ते दिले, तेव्हा दाहच ओसरला. हे १९६०च्या दशकात घडले. पुढे १९९०च्या दशकाअखेर ते मल्टिपल मायलोमावरही परिणामकारक असल्याचे आढळले आणि त्यातूनच लेनालिडोमाइड व पोमालिडोमाइड ही औषधे आली. हजारो रुग्ण ती घेत होते, आणि ती नेमकी कशाला चिकटतात हे कोणालाच ठाऊक नव्हते.

उत्तर २०१०मध्ये टोकियोतून आले. तेथील संशोधकांनी थॅलिडोमाइड सूक्ष्म चुंबकीय मण्यांवर जोडले, पेशींचा अर्क त्यांवरून सोडला आणि मण्यांना काय चिकटून राहिले ते पाहिले. ते होते सेरेब्लॉन, एका ई३ संकुलाचा लक्ष्य ओळखणारा भाग. म्हणजे औषधाचे लक्ष्य रोगाचे प्रथिन नव्हतेच. ते विघटन यंत्रणेचाच एक भाग होते! पुढे २०१४मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, की लेनालिडोमाइड सेरेब्लॉनच्या खाचेत बसले की त्याचा पृष्ठभाग बदलतो आणि एरवी त्याला न चिकटणारी इकारोस व आयोलोस ही प्रथिने त्यावर येऊन बसतात. मायलोमा पेशींना ती जगण्यासाठी लागतात. दोन प्रथिनांना असे जुळवून देणाऱ्या लहान रेणूंना ‘रेणवीय गोंद’ म्हणतात.

जन्मव्यंगांचा उलगडा २०१८मध्ये झाला. थॅलिडोमाइडमुळे सेरेब्लॉन साल-४ या प्रथिनाचाही नाश घडवते. ज्यांच्यात साल-४चे जनुक जन्मतः सदोष असते, त्यांच्या हातांची व्यंगे थॅलिडोमाइडग्रस्त बालकांशी मिळतीजुळती असतात. उंदरांवरील चाचण्यांत हा धोका दिसत नाही याचे कारणही मिळाले: उंदरांचे सेरेब्लॉन आणि साल-४ ही दोन्ही माणसांपेक्षा किंचित वेगळी आहेत. ज्या क्रियेमुळे हे औषध कर्करोगावर चालते, तिनेच गर्भाचा घात केला होता. फरक फक्त कोणते प्रथिन मोडले गेले एवढाच.

हा मार्ग माणसाने शोधला असेही म्हणता येत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत असणाऱ्या एचपीव्ही विषाणूचे ई६ प्रथिन पेशीतील एका ई३ विकराला हाताशी धरून पी५३ या रक्षक प्रथिनाचा नाश करवते, हे १९९०च्या दशकापासून माहीत आहे. एचआयव्हीचे व्हिफ प्रथिन पेशीच्या विषाणुरोधी एपोबेक-३जी प्रथिनाबाबत हेच करते. वनस्पतींतील ऑक्सिन हे वाढीचे संप्रेरक तर नैसर्गिक गोंदच आहे, हे २००७मध्ये त्याच्या ग्राहीच्या (संप्रेरक धरणाऱ्या प्रथिनाच्या) स्फटिकरचनेतून दिसले.

प्रोटॅक

गोंद योगायोगाने सापडतात. ठरवून बनवणे फार कठीण. म्हणून दुसरा मार्ग निघाला. येल विद्यापीठातील क्रेग क्रूज आणि कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेतील रेमंड डेशेज यांनी २००१मध्ये दुतोंडी रेणू मांडला, त्याला प्रोटॅक म्हणतात. एका टोकाला लक्ष्य प्रथिनाला चिकटणारा भाग, दुसऱ्या टोकाला ई३ला चिकटणारा भाग, मध्ये दुवा. पहिला प्रोटॅक पेप्टाइडयुक्त होता आणि पेशीत शिरू शकत नव्हता. तो बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात तपासला गेला. पूर्णपणे लहान रेणूंचा प्रोटॅक २००८मध्ये आला. व्हीएचएल या ई३ला घट्ट धरणारा लहान रेणू २०१२मध्ये मिळाला, थॅलिडोमाइडच्या संशोधनातून सेरेब्लॉनचा पत्ता लागलेलाच होता, आणि २०१५मध्ये या दोन्हींवर बेतलेले प्रभावी प्रोटॅक एकामागून एक प्रसिद्ध झाले. कल्पनेपासून उपयुक्त रेणूपर्यंत पोहोचायला सुमारे १४ वर्षे लागली. खोळंबा कल्पनेचा नव्हता, ई३ला धरणाऱ्या चांगल्या रेणूंचा होता.

प्रोटॅकचा मोठा फायदा असा, की लक्ष्याच्या क्रियास्थळातच बसण्याची त्याला गरज नसते. कुठेही पुरेशी पकड मिळाली तरी चालते. त्यामुळे ज्या प्रथिनांना क्रियास्थळाची खोल खाचच नाही, अशा लिप्यंतरण घटकांपर्यंत (जनुकांचे वाचन चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांपर्यंत) व इतरांना एकत्र धरून ठेवणाऱ्या आधारभूत प्रथिनांपर्यंत औषध पोहोचण्याची आशा निर्माण झाली. शिवाय एक प्रथिन मोडले गेले की प्रोटॅक मोकळा होऊन दुसऱ्याकडे जातो, त्यामुळे थोड्या मात्रेत काम होऊ शकते. आणि परिणाम टिकतो: औषध निघून गेले तरी पेशीला ते प्रथिन नव्याने बनवावे लागते.

प्रयोगशाळेत हे वेस्टर्न ब्लॉट या प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत दिसते. पेशींना वाढत्या मात्रेत प्रोटॅक देऊन त्यांची प्रथिने जेलवर आकारानुसार वेगळी केली जातात. लक्ष्य प्रथिनाची काळी पट्टी मात्रेगणिक फिकट होत जाते, नाहीशी होते, आणि मात्रा फार वाढली की चक्क पुन्हा उमटू लागते. कारण रेणू अति झाले, की काही फक्त लक्ष्याला आणि काही फक्त ई३ला चिकटून बसतात. दोघांना जोडणारे उरत नाहीत. नेहमीच्या औषधांची सवय असलेल्याला हे विचित्र वाटते. विघटन खरोखर प्रोटिआसोममार्फतच झाले का, हे पडताळण्यासाठी बोर्टेझोमिबसारखा रोधकही सोबत दिला जातो. पट्टी परत आली, तर खात्री पटते. ही पडताळणी नसेल, तर पट्टी फिकट होण्याला फारसा अर्थ नाही. पेशी मरू लागल्यानेही प्रथिने कमी होतात.

पट्टी फिकट झाली म्हणजे औषध मिळाले असेही नव्हे. तोंडाने घ्यायच्या औषधाचा रेणुभार ५०० डाल्टनच्या आत असावा असा जुना ठोकताळा आहे. प्रोटॅक बहुधा ७०० ते १००० डाल्टनचे असतात. ते आतड्यातून शोषले जावेत म्हणून दुव्याची लांबी आणि ताठरपणा सतत बदलून पाहावा लागतो. दुवा थोडा बदलला तरी लक्ष्य आणि ई३ एकमेकांसमोर येण्याचा कोन बदलतो आणि सगळे ठप्प होते. लक्ष्याला घट्ट चिकटणारा प्रोटॅक विघटनात कुचकामी आणि सैल पकडीचा प्रभावी, असेही होते. तिन्ही रेणूंचे संकुल किती चांगले जमते याला महत्त्व असते. २०१७मध्ये अशा त्रिकुटाची पहिली स्फटिकरचना प्रसिद्ध झाल्यावर या भागाला काहीसा आधार मिळाला, तरी चाचपडणे संपलेले नाही.

वैद्यकीय उपयोग

प्रोटॅकच्या मानवी चाचण्या २०१९मध्ये सुरू झाल्या. पहिले लक्ष्य होते पुरस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीच्या कर्करोगातील अँड्रोजन ग्राही. सर्वांत पुढे गेलेले औषध मात्र स्तनांच्या कर्करोगातील इस्ट्रोजेन ग्राहीवरचे आहे: तोंडाने घ्यायचे वेपडेजेस्ट्रंट. त्याच्या ६२४ रुग्णांवरील तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष २०२५मध्ये जाहीर झाले. इस्ट्रोजेन ग्राहीच्या जनुकात उत्परिवर्तन झालेल्या रुग्णांत रोग पुन्हा वाढण्यापूर्वीचा मध्यक काळ ५ महिने होता. फुलवेस्ट्रंट या औषधाचे इंजेक्शन घेणाऱ्यांत तो २.१ महिने होता. सर्व रुग्ण एकत्र धरले, तेव्हा संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस फरक दिसला नाही. म्हणजे पद्धत माणसात चालते हे सिद्ध झाले, पण सुरुवातीला जो गाजावाजा झाला त्या मानाने फळ माफक आहे. गंमत अशी, की तुलनेसाठीचे फुलवेस्ट्रंटही इस्ट्रोजेन ग्राहीचा नाश घडवूनच काम करते, फक्त वेगळ्या वाटेने.

रक्ताच्या कर्करोगांत चित्र अधिक आशादायक आहे. बी पेशींच्या कर्करोगांत बीटीके या विकरावर इब्रुटिनिबसारखी औषधे वापरली जातात. ती त्यातील ४८१व्या स्थानच्या सिस्टीन या अमिनो आम्लाला कायमची जोडली जातात. ते सिस्टीन बदलले की औषध चालेनासे होते. काही उत्परिवर्तनांत तर विकराची क्रिया बंद पडूनही ते आधार म्हणून संदेश पुढे पाठवतच राहते. अशा ठिकाणी रोधक हतबल ठरतो. प्रथिनच नाहीसे करणारी औषधे मात्र तिथेही उपयोगी पडू शकतात आणि त्यांच्या चाचण्या चालू आहेत. दाहजन्य रोगांत आयआरएके४ हे असेच, विकर आणि आधार असे दुहेरी काम करणारे लक्ष्य आहे.

मर्यादा

माणसात सहाशेहून अधिक ई३ असले, तरी चाचण्यांतील बहुतेक औषधे सेरेब्लॉन किंवा व्हीएचएल यांवरच विसंबून आहेत. कर्कपेशी सेरेब्लॉनचे जनुक गमावून किंवा बदलून औषधाला दाद देईनाशा होतात. मायलोमात हे प्रत्यक्ष आढळले आहे. सेरेब्लॉनवर बेतलेल्या रेणूंत थॅलिडोमाइडसारखा भाग असल्याने साल-४चा धोकाही तपासत राहावा लागतो. ठरावीक ऊतीतच आढळणारा ई३ वापरता आला, तर औषधाचा परिणाम त्या ऊतीपुरता ठेवता येईल. तसे ई३ माहीत आहेत. त्यांना धरणारे रेणू हवे आहेत.

प्रोटिआसोम पेशीच्या आत असल्याने बाहेरची प्रथिने या मार्गात येत नाहीत. त्यासाठी कॅरोलिन बर्टोझी यांच्या स्टॅनफर्ड येथील गटाने २०२०मध्ये लायटॅक मांडले. यात प्रतिपिंडाला विशिष्ट शर्करा जोडतात. पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही ती शर्करा ओळखून लक्ष्यासह सगळे आत ओढतो आणि लयकायिकेत पोचवतो. ग्राही यकृतातच भरपूर असणारा निवडला, तर विघटनही मुख्यतः यकृतातच होते. पेशीच्या आतील गोळा झालेली प्रथिने आणि बिघडलेली अंगके स्वभक्षणाच्या (पेशीने स्वतःचेच भाग पचवण्याच्या) मार्गाने लयकायिकेत पाठवणारे ऑटॅक रेणू जपानमधील संशोधकांनी २०१९मध्ये प्रसिद्ध केले. प्रोटिआसोमच्या अरुंद तोंडात न मावणारे प्रथिनांचे पुंजके चेतापेशींच्या अनेक रोगांत साचतात, म्हणून तिकडे या मार्गाकडे विशेष लक्ष आहे.